मत चुकीचे

नोकरी सोडताना कपाटाची किल्ली, हजेरीपट, डस्टर, सगळं शाळेत जमा केलं. किस्से तेवढे माझ्याबरोबर घरी आले. मैत्रिणी जमल्या की म्हणतात, "तुझ्या त्या हेडमास्तरांचं सांग गं." मी सांगते, आणि सांगताना अजून डोकं तापतं.

सत्तर-एकाहत्तर साल असेल. काष्टीजवळच्या एका हायस्कुलात मी मराठी शिकवत होते. अकरावीला एक कादंबरी नेमलेली. त्यातला सासरा सगळ्या घराला मुठीत ठेवतो. कुणी काय नेसायचं, कुणी माहेरी कधी जायचं, सगळं तोच ठरवतो. शेवटी थोरली सून त्याच्यासमोर उभी राहून "मी जाते" म्हणते आणि नर्सिंग शिकायला निघून जाते.

हेडमास्तरांना हा शेवट खपला नाही. त्यांनी लायब्ररीतल्या बाराही प्रतींची शेवटची आठ पानं शिपायाकडून खळीनं चिकटवून घेतली.

महिन्याभरात प्रती परत आल्या. मुलींनी ओल्या फडक्यानं पानं सोडवून, वाळवून, पुन्हा चिकटवली होती. एका प्रतीत तर उलटी. आधीची दोनशे पानं किती जणींनी वाचली कोण जाणे, ही आठ झाडून सगळ्यांनी वाचली.

*

'सुनेच्या वागण्याबद्दल तुमचे मत लिहा' असा प्रश्न होता. हेडमास्तर म्हणाले, "उत्तर मी सांगतो, मुलं उतरून घेतील."

"सर, मत मुलांचं विचारलंय."

"मुलांना कसलं आलंय मत? आधी पास होऊ द्या."

चाळीस वह्या तपासल्या. एकोणचाळीस जणांनी 'माझ्या मते' अशी सुरुवात करून हेडमास्तरांचं मत लिहिलं होतं. एकटी शालन वेगळी. तिनं लिहिलं, 'सासऱ्याने सुनेला एकदा तरी विचारायला हवे होते.' मी दहापैकी आठ दिले. हेडमास्तरांनी ते खोडून शून्य केलं आणि खाली लाल शाईनं लिहिलं: 'मत चुकीचे.'

*

मी भांडले. दुसऱ्या दिवसापासून ते माझ्या तासाला शेवटच्या बाकावर येऊन बसू लागले. मी काय शिकवते ते बघायला.

एके दिवशी वाचनात तो प्रसंग आला. सुना आपसात काय बोलतात ते ऐकायला सासरा स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसतो. मी वाचता वाचता थांबले. सगळ्या वर्गानं हळूहळू माना वळवून शेवटच्या बाकाकडे पाहिलं. कुणी हसलं नाही.

हेडमास्तर म्हणाले, "थांबलात का बाई? पुढं वाचा."

*

इन्स्पेक्टर आले. त्यांनी नेमकं शालनलाच उभं केलं. "कादंबरीतलं कोण आवडलं?"

तिनं तोंड उघडायच्या आत मागून हेडमास्तर म्हणाले, "सासरा, साहेब. तिला सासरा आवडतो."

"छान. बस खाली," इन्स्पेक्टर म्हणाले. शेऱ्यात लिहून गेले, 'विद्यार्थिनींची उत्तरे समाधानकारक.'

*

एवढ्यावर भागलं नाही. हेडमास्तरांनी शालनच्या वडिलांना बोलावून घेतलं. दगडूबा बाजारच्या दिवशी बाजार उरकून आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"तुमची मुलगी भलतंसलतं लिहिते," हेडमास्तर म्हणाले. "सासऱ्यानं म्हणे सुनेला विचारायला पाहिजे होतं."

"व्हय," दगडूबा म्हणाले. "तिनं समदं पुस्तक वाचून दावलं आमाला. मी हुतो, तिची आई हुती."

"मग समजावा की तिला. तुम्ही बाप आहात."

दगडूबा माझ्याकडं न बघता, हेडमास्तरांकडंही न बघता म्हणाले, "सर, हिचं लगीन आमी हिला न इचारताच ठरवलं हुतं. आत्ता बाजारात पाव्हणं भेटलं. त्यास्नी न्हाई म्हनून सांगून आलोय."