मालनबाईंनी न म्हटलेलं वाक्य

रविवारी उपासनेची घंटा व्हायच्या आधी मालनबाई देवळाच्या दारात उभ्या असायच्या. काखेत जुन्या साड्या फाडून, कडा शिवून केलेल्या चौकोनी रुमालांची गठडी असे. उघड्या डोक्यानं येणाऱ्या मुलीला त्या हाताला धरून थांबवत, डोक्यावर रुमाल टाकत आणि हनुवटीखाली गाठ मारत. गाठ इतकी घट्ट असायची, की गाणं म्हणताना जबडा दुखायचा. आम्ही मुली त्यांना घाबरायचो. लहानपणी मला वाटायचं, देवाला उघडं डोकं आवडत नाही हे या बाईंनीच ठरवलंय.

जरा मोठी झाल्यावर मी एकदा विचारलं, "बाई, मुलांना का नाही रुमाल?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि गाठ सैल करत म्हणाल्या, "शाले, डोकं झाकलं की आपल्याला तोंड उघडू देत्यात. स्वस्तात मिळतंय, घेऊन टाक."

आमचं गाव नेवासे तालुक्यातलं. गावाच्या कडेला आमची ख्रिस्ती वस्ती आणि वस्तीच्या मधोमध पत्र्याचं देऊळ. पाळकसाहेब श्रीरामपूरला राहायचे. त्यांच्याकडं आसपासची बरीच गावं होती, त्यामुळं आमच्याकडं ते महिन्यातून एका रविवारी, राजदूत मोटारसायकलवरून यायचे. त्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीचा विधी, व्हायचा. भाकर मोडायची आणि प्याला द्यायचा तो पाळकांनीच. बाकीचे सगळे रविवार, आणि रविवारांमधले सगळे दिवस, मालनबाईंचे होते. आजाऱ्यापाशी बसणं, बाळंतिणीसाठी प्रार्थना, मुलांची रविवारची शब्बाथशाळा, भांडलेल्या जावांना एका घोंगडीवर बसवणं, सगळं त्याच करायच्या. मंडळी, म्हणजे आमची चर्चसभा, त्यांना थोडा पगार आणि देवळामागची एक खोली द्यायची. लोक त्यांना बायबलबाई म्हणायचे.

वचन त्या फार चांगलं सांगायच्या. पण खालून. देवळात पुढं एक ओटा होता, त्यावर पाळकांचं मेज. बाईमाणसानं ओट्यावर पाय ठेवायचा नाही, हा याकोबरावांचा नियम होता. याकोबराव मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांमधले मुख्य. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. देवळाचे पत्रे त्यांनीच घालून दिलेले. मालनबाई ओट्याच्या खाली, बाजाच्या पेटीशेजारी उभ्या राहायच्या, पदर कपाळापर्यंत ओढायच्या, कानांमागं आकडे खोचायच्या आणि मग बोलायला लागायच्या. अगदी मागं बसलेल्या म्हाताऱ्यांनाही त्यांचा शब्द न् शब्द कळायचा.

त्या मूळच्या नगरमधल्याच अकोले तालुक्यातल्या, भातावर वाढलेल्या. "तुमच्या नेवाशाची बाजरी दात मागती," असं कुरकुरत जेवायच्या. नवरा लग्नानंतर थोड्याच दिवसांत दुसरीला घेऊन निघून गेला होता. त्याबद्दल त्या एवढंच सांगत, "तो गेला म्हणून मला बायबलच्या पाठशाळेत धाडलं. तोटा झाला का नफा, त्येचं त्येला ठाऊक." यातला 'त्येला' म्हणजे नवरा नव्हे, देव, हे त्यांनी वर केलेल्या बोटावरून कळायचं.

माझ्या आईची आणि त्यांची मैत्री होती. आई विधवा, मी एकुलती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी विलासशी लग्न केलं. विलास घोडेगावचा, बौद्ध घरातला. त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. लग्न कचेरीत झालं. आईनं दारात मांडव घातला, वस्तीला जेवण दिलं. पुढच्या रविवारी पंच बसले. आईनं उपासनेत उभं राहून चूक कबूल करावी, असं ठरलं. आई उभी राहिली आणि म्हणाली, "पोरगी सुखात हाय. पस्तावा कशाचा करू?"

त्या दिवसापासून आईला प्रभुभोजनातून काढलं. उपासनेला यायला मनाई नव्हती. ती यायची, मागच्या भिंतीला टेकून बसायची. भाकरीचं ताट आणि प्याला बायकांच्या ओळीतून फिरायचा, तेव्हा तिच्यापाशी आल्यावर शेजारीण हात आखडता घेऊन तो पुढं द्यायची. मी माहेरी आले की हे पाहायचे. आई मान खाली घालत नसे. समोर बघत राहायची, पण घरी आल्यावर दिवसभर बोलायची नाही.

काही वर्षांनी आईला गर्भाशयाचा कॅन्सर निघाला. नगरला नेलं, उपचार झाले, शेवटी डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. मी येऊन राहिले. मालनबाई रोज यायच्या. आईची अंथरुणं त्या माझ्याबरोबर धुवायच्या. दुर्गंधीनं शेजारच्या बायका दारातूनच विचारपूस करत. मालनबाई तिच्या उशाशी भाकर खायच्या, म्हणजे आईला आपला वास येत नाही असं वाटावं.

एके दिवशी आई म्हणाली, "एकदा भोजन मिळालं असतं तर बरं व्हतं."

मी एसटीनं श्रीरामपूरला गेले. पाळकसाहेब वाईट नव्हते, घाबरट होते. त्यांनी मला चहा दिला. म्हणाले, "शालिनीबाई, माझ्या एकट्याच्या हातात नाही हे. पुढच्या महिन्यात पंचांची बैठक आहे, तिथं विषय काढतो."

"पुढच्या महिन्यात आई नसेल, साहेब."

ते कपात बघत राहिले.

मालनबाई याकोबरावांकडं गेल्या. त्यांनी सांगितलं, "तिनं एक वाक्य बोलावं, माझी चूक झाली म्हणून. मी लगेच पाळकांना आणायला जीप पाठवतो." हा निरोप मालनबाईंनी आईला जसाच्या तसा सांगितला. आईनं माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली. नाही.

ती दुपार मला अजून दिसते. पत्रा तापला होता. आईला कळ आली की ती हाताला लागेल ते धरायची. त्या वेळी तिच्या हाताला मालनबाईंचा पदर लागला आणि तो त्यांच्या डोक्यावरून खाली आला. कळ ओसरली तरी तिनं तो सोडला नाही. म्हणाली, "मालन, तू दे की."

"मला अधिकार न्हाई गं, इंदूबाई."

"मंग कुणाला हाय?"

मालनबाई माझ्याकडं वळल्या. म्हणाल्या, "शाले, भाकर हाय का सकाळची? आन् गुळाचं पाणी कर."

मी बाजरीची चतकोर भाकर आणि पेल्यात गुळाचं पाणी आणलं. मालनबाई प्रार्थनेसाठी पदर पुन्हा डोक्यावर घ्यायला गेल्या, पण आईनं तो मुठीत गच्च आवळला होता. त्यांनी हळूच ओढून पाहिला. आईची बोटं पांढरी पडली होती. मग त्यांनी पदर तसाच राहू दिला. इतक्या वर्षांत मी त्यांचं डोकं पहिल्यांदा पाहिलं. केस विरळ होते, भांगात टाळू दिसत होती, आणि त्या एकदम म्हाताऱ्या, कुणाच्याही आईसारख्या दिसल्या.

ओट्याखाली उभं राहून वर्षानुवर्षं ऐकलेले शब्द त्यांना पाठ होते. त्यांनी ते सगळे म्हटले, एकही न गाळता. भाकरीचा कण गुळाच्या पाण्यात भिजवून त्यांनी आईच्या जिभेवर ठेवला. आईला तो गिळायला फार वेळ लागला. मग ती म्हणाली, "झालं?"

"झालं, बाई."

दुसऱ्या दिवशी उजाडताना आई गेली.

मातीला पाळकसाहेब आले, छोटीशी प्रार्थना झाली. त्या दुपारबद्दल कुणालाच माहीत नव्हतं. मी कधी बोलले नसते. पण आठवड्याभरानं मालनबाई स्वतः श्रीरामपूरला जाऊन पाळकसाहेबांना सगळं सांगून आल्या. मी चिडले. "कशाला सांगितलंत, बाई?"

"मी काय चोरी केलीया का? इंदूनं भोजन घेतलं, ते मंडळीला कळाया पायजे."

पुढच्या रविवारी उपासना झाल्यावर पंच ओट्यावर खुर्च्या टाकून बसले. बायका खाली सतरंजीवर. मालनबाई पेटीशेजारी, नेहमीच्या जागी उभ्या. मी साक्षीला म्हणून आले होते, पण मला कुणी काही विचारलं नाही.

याकोबरावांनी विचारलं, "तुम्हाला हा अधिकार कोणी दिला?"

"मरणाऱ्या बाईनं."

कुजबुज झाली. पाळकसाहेबांनी रुमालानं मान पुसली. याकोबराव थोडं पुढं वाकले. "बरं. एवढं सांगा. भाकर मोडताना तुमच्या डोक्यावर पदर होता का?"

मला वाटलं, एवढं एक त्या खोटं बोलतील. पाहणारी मी एकटीच होते.

"न्हाई," मालनबाई म्हणाल्या.

"का नव्हता? दारात उभं राहून आमच्या मुलींची डोकी झाकता तुम्ही."

"पदर तिच्या मुठीत व्हता."

एक म्हातारी तोंडात पदर कोंबून रडायला लागली. याकोबराव मागं टेकले, आणि मला अजूनही वाटतं की क्षणभर त्यांनाही पुढं काय बोलावं ते सुचलं नाही. पण मग सुचलं. मालनबाईंचं काम काढून घेतलं. खोली सोडायला सांगितलं. त्यांनाही प्रभुभोजन बंद. मात्र पाळकसाहेबांनी मध्ये पडून एक वाट ठेवली: मालनबाईंनी मंडळीपुढं उभं राहून म्हणावं, की मी इंदूबाईला दिलं ते प्रभुभोजन नव्हतं, नुसती भाकर आणि पाणी होतं. एवढं म्हटलं की झालं गेलं विसरू. काम परत, खोली परत.

मी त्यांना घोडेगावला घेऊन आले. आमच्या घरी राहायला त्या तयार होईनात. विलासनं गुरांच्या बाजाराजवळ एक पत्र्याची खोली बघून दिली. बाजाराच्या दिवशी लांबून आलेल्या व्यापाऱ्यांना आणि गुरं हाकणाऱ्यांना गरम भाकरी लागायच्या. मालनबाई चुलीपुढं बसून त्या भाजायच्या. त्यांचं वचन सांगणं बंद झालं. पण बाजाराचं निमित्त काढून माहेरच्या वस्तीतल्या बायका यायच्या, धुरात बसायच्या, कुणाच्या पोटातल्या बाळासाठी, कुणाच्या दारुड्या नवऱ्यासाठी हळूच प्रार्थना करून घ्यायच्या आणि पिशवीत मेथीची जुडी टाकून निघून जायच्या. देवळात मात्र यातली एकही त्यांच्याशेजारी बसत नसे. मी रागानं हे बोलून दाखवलं की त्या म्हणायच्या, "त्यांस्नी तिथं राह्यचंय, पोरी. समद्यांनी भायेर पडून कसं चालंल?"

उपासनेला त्यांनी कधी खाडा केला नाही. जीपमध्ये मागं लोंबकळत, नाहीतर पायी, त्या गावी जायच्या. दारात आता रुमाल घेऊन कुणी उभं नसायचं. शहरातून सुट्टीला आलेल्या मुली उघड्या डोक्यानं बसायच्या आणि पंच दुसरीकडं बघायचे. मालनबाईंना त्याचं काहीच वाटत नसे. "बसू दे की. बोलायला कुटं मिळतंय त्यांस्नी, ते सांग," एवढंच म्हणायच्या.

दशक संपत आलं तसा त्यांना खोकला धरला. तपासलं तर क्षय. गोळ्या सुरू केल्या, पण अंगात काही उरलंच नव्हतं. मी त्यांना बळंच घरी आणलं. विलासच्या आईनं, बुद्धाच्या तसबिरीसमोरची जागा मोकळी करून, त्यांची खाट तिथं टाकली. दोघी म्हाताऱ्या दिवसभर बाजरी-तांदळावरून भांडायच्या. त्या भांडणांत मालनबाई मला शेवटच्या वेळी हसताना दिसल्या.

मग खाणं सुटलं. मी त्यांच्याजवळ बसले आणि मनात बरेच दिवस असलेलं बोलले. "बाई, पाळक आता नवीन आलेत. मी त्यांना घेऊन येते. ते एक वाक्य म्हणून टाका. आईला काही वाटणार नाही."

त्यांनी डोळे उघडले. बोलायला दम पुरत नव्हता. "आन् ते नुसतं पाणी व्हतं म्हनलं, तर तुजी आई काय घिऊन गेली गं?"

मी त्यांची उशी सरळ केली.

"ती उपाशी गेली म्हनून सांगू व्हय मी? माज्या पोटासाटी?"

मी म्हटलं, "मग मी देते तुम्हाला. शब्द मला ऐकून माहीत आहेत."

त्यांनी माझ्या गालाला हात लावला. हात गरम होता, हलका होता. "नगं. त्येचा तुला त्रास व्हईल. पानी दे घोटभर. तान लागलीया."

मी चमच्यानं पाणी पाजलं. ते पाणीच होतं. त्यानंतर त्या फार बोलल्या नाहीत, आणि दोन-तीन दिवसांत गेल्या.

मेल्यावर मंडळीनं मन मोठं केलं. दफनभूमीत जागा दिली, घंटा वाजवली, शवपेटी आली. सगळी वस्ती आली होती. कबरीपाशी पुरुष, जरा लांब लिंबाखाली आम्ही बायका. याकोबराव आता काठी टेकत होते. ते बोलले, आणि चांगलं बोलले. मालनबाई प्रभूची विश्वासू सेविका होती, तिनं या मंडळीची लेकरं वाढवली, असं म्हणाले. मला वाटतं ते खरंच रडत होते.

नव्या पाळकांनी विचारलं, "आणखी कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का?" त्यांची नजर पुरुषांवरून फिरली.

मी लिंबाखालून निघाले आणि कबरीपाशी जाऊन उभी राहिले. बायकांमधून कुणीतरी "शाले," अशी दबकी हाक मारली. मी म्हटलं, "माझ्या आईला शेवटचं प्रभुभोजन या बाईंनी दिलं. ते प्रभुभोजनच होतं. यांना मात्र ते शेवटपर्यंत मिळालं नाही."

नवे पाळक याकोबरावांकडं पाहू लागले. याकोबरावांनी काठी शेजाऱ्याच्या हातात दिली, कष्टानं खाली वाकून मूठभर माती उचलली, आणि ती कबरीत टाकायचं विसरून तसेच उभे राहिले.