वाळल्यावर फुटणाऱ्या कडा

कार्डवाल्या मावशी पुठ्ठ्याची अक्षरं रंगवत. अल्बमवर, भेटकार्डांवर चिकटवायची नावं, पानं, फुलपाखरं जाड चिपबोर्डातून कापून त्यांच्या टेबलावर येत. हा पुठ्ठा भारी अधाशी, रंग पिऊन टाकतो. आधी पांढऱ्याचा पातळ हात, त्यावर पॉलिश पेपर, मग रंग. पण सगळ्यात आधी कडा. कड एका दमात ओढायची. हात जरा जरी हलला, तरी रंग वाळताना आत फुटतो, आणि मग कितीही सारवासारव करा, दिसायचं ते दिसतंच. सव्वीस वर्षांत मावशींच्या कडेला कुणी नाव ठेवलं नव्हतं, आणि त्याचा त्यांना तोराही होता.

गेल्या महिन्यात ट्रेमध्ये वाळलेल्या चार अक्षरांच्या कडा फुटलेल्या निघाल्या. मावशींना आपली आई आठवली. त्यांच्या आईचा हात पस्तिशीतच कापायला लागला होता. पुढे घास तोंडाशी नेता येईना. शेवटची सात वर्षं अंथरुणात गेली. पन्नाशी उलटल्यावर मावशींना वाटलं होतं, आपण सुटलो.

समोर बसून रंगवणाऱ्या लेकीला त्यांनी पत्ता लागू दिला नाही. रोज सकाळी खिडकीशी हात धरून बघायच्या. हात स्थिर असायचा, पण हाताचा काय भरवसा? फुटक्या कडा वाढतच होत्या. दोघींचं काम एकाच ट्रेमध्ये वाळायचं. शेवटी आपली किती बिघडतात ते कळावं, म्हणून मावशी आपल्या अक्षरांमागे पेन्सिलीचा बारीक ठिपका द्यायला लागल्या.

शनिवारी लेक माल पोचवायला गेली, तेव्हा त्यांनी बिघडलेली अकरा अक्षरं उलटी केली. एकावरही ठिपका नव्हता. पुन्हा पाहिलं, उजेडात धरून पाहिलं. महिनाभर त्या स्वतःसाठी घाबरत होत्या, ते किती सोपं होतं!

लेक परतली तेव्हा अक्षरं टेबलावर तशीच होती.

"आई, मी महिनाभर बघतेय," ती म्हणाली. "हात कापतो ना तुझा? आजीसारखा? माझ्यापासून कशाला लपवतेस गं?"

मावशींनी मान हलवली. "कापतो खरा. उद्या डॉक्टरांकडे जाऊ. तूही चल, दोघी दाखवून घेऊ."

"मला काय धाड भरलीय? तू घाबरू नकोस, मी आहे ना." लेकीने आईचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले. क्षणभराने तिचे डोळे भरून आले.

"बघ ना," ती म्हणाली, "किती कापतायत तुझे हात."