पिवळी वायर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली, माझ्या पोटातलं सगळं तिला ओळखू येतं असा तिचा दावा आहे — पण हे नाही ओळखू आलं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर तोंड उघडलं नसतं, हेही आधीच सांगून टाकतो.

मी नेटवाला आहे. आंबागडच्या बाजूला, किल्ल्याच्या डोंगराआड आमचं गाव. आधी मी केबल टीव्हीवाला होतो. घराघरांवर डिशच्या छत्र्या आल्या तसा तो धंदा बसला, मग तुमसरहून फायबर ओढून आणलं आणि गावाला नेट दिलं. मोबाईलची रेंज आमच्याकडे नावालाच. समाजमंदिराच्या गच्चीवर चढलं तर दोन दांड्या, घरात कसंबसं बोलता येतं, मोबाईलवर नेट कुठंच नाही. म्हणजे गावात नेट म्हणजे मी. कोणाचं पीक विम्याचं काम असो, कोणाच्या पोराची परीक्षा असो — सगळं माझ्याच तारेतून जायचं. त्याचा मला माज होता का? होता. थोडा नाही, चांगलाच होता.

तर सुरुवात कुठून झाली? तुमसरच्या ज्या माणसाकडून मी लाईन घेतो, त्याचा इंजिनिअर एकदा मशीन लावायला आला होता. चहा पिता पिता त्यानं मला स्क्रीनवर एक रकाना दाखवला. प्रत्येक घरापुढं एक आकडा. एक म्हणजे त्या घराला सगळ्यात आधी द्यायचं. आठ म्हणजे सगळ्यांचं झालं की उरलंसुरलं द्यायचं. लाईन तेवढीच, नेट तेवढंच — फक्त आधी कोण आणि मागून कोण, एवढं ठरवायचं. तो म्हणाला, आधीवाल्यांकडून महिन्याला दोनशे जास्त घ्या, सगळेच घेतात.

मी चहाचा कप खाली ठेवला. एवढं सोपं? काही विकत आणायचं नाही, काही ओढायचं नाही, नुसता आकडा बदलायचा?

पण गावात नुसत्या आकड्याचे पैसे कोण देणार? आमच्या रिटायर्ड गुरुजींना मी नवा 'फास्ट' प्लॅन सांगितला तेव्हा ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "वेगळं काय देशील बाबू?" आता काय सांगू? दुकानात पिवळ्या वायरीचं एक बंडल पडलं होतं. माझ्या तोंडून निघून गेलं — वेगळी वायर, गुरुजी. डायरेक्ट नागपूरवरून.

बस. तिथून ते खोटं जन्माला आलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घराची काळी वायर काढली आणि पिवळी लावली. त्याच खांबावरून, त्याच डब्यातून. आकडा एक केला. त्यांचं नेट खरंच पळायला लागलं, आणि गुरुजींनी गावभर माझी जाहिरात केली.

पुढं तर गंमतच झाली. पिवळी वायर ही इज्जतीची गोष्ट झाली. एकाच्या घरी मुलगी बघायला पाहुणे आले, तर पोहे येण्याआधी त्यानं घरापुढच्या छपरीतून बोट दाखवून पाहुण्यांना वायर दाखवली. सरपंचानं घेतली म्हणून उपसरपंचानं घेतली. मी रात्री जेवताना हसायचो. बायको विचारायची, काय झालं? मी म्हणायचो, काही नाही, भाजी चांगली झाली आहे.

मग एका टप्प्यावर पिवळी वायर खपेना. काहून? कारण साधं नेटही बरं चालत होतं. लोकांचं भागत होतं. आणि मी — हे लिहिताना माझाच हात थांबतो — मी साधं नेट वाईट केलं. मुद्दाम. काळ्या वायरीवाल्या घरांचा वेग एका दुपारी दुकानात बसून कमी केला, आठचा आकडा टाकला आणि तक्रार आली की सांगायचं, "गर्दी वाढली भाऊ, पिवळी घेऊन टाका." तुम्हाला धक्का बसला ना? मला तेव्हा बसला नाही. आज बसतो, आणि पुन्हा पुन्हा बसतो. आपणच आपल्याला इतकं अनोळखी निघावं?

कारण माझ्या घरची दीड एकर धानाची शेती तलावाच्या पार शेवटच्या टोकाला आहे. वरच्या बांधीतल्या शेतवाल्यांनी पाणी अडवलं की आमच्या धानाच्या रोपांचं परं वाळायचं. मी आणि देवा — देवानंद, माझा बालवाडीपासूनचा दोस्त, त्याची बांधी माझ्या बांधीला लागून — आम्ही दोघं काठ्या घेऊन वर भांडायला जायचो. पाणी साऱ्या गावाचं आहे म्हणून सगळ्यात मोठ्यानं ओरडणारा मी असायचो. देवा मागून माझा शर्ट ओढायचा.

देवा चिखला गावच्या मँगनीजच्या खाणीत वायरमन आहे. वायरीतलं त्याला कळतं. एकदा पानठेल्यावर दहा लोकांसमोर त्यानं मला विचारलं, "अबे रमेश, खांबावर डबा तं एकच हाय. मंग दोन वायरीतून दोन प्रकारचं नेट कसं काय येऊन राहिलं?"

लोक हसले. माझ्या कानशिलातून गरम वारा निघाला. मी म्हणालो, "तुह्या खाणीतल्या लायटीचं काम नाही हे. याच्यात लेझर राहते." लेझर! काय संबंध? पण देवानं मान हलवली. "असन बाप्पा," म्हणाला, "तू शिकला त्यातलं." त्यानं पिवळी वायर घेतली नाही, पण विषय सोडून दिला. माझ्यावर विश्वास होता म्हणून सोडला. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढं मी जे केलं ते या पानठेल्यावरच्या दहा लोकांच्या भीतीनं केलं.

देवाची मुलगी प्राची. बारावीला चांगले मार्क, नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेतही चांगले. नागपूरच्या सरकारी कॉलेजात नंबर लागेल असं तिचे सर सांगत होते. फक्त कॉलेजांची नावं पसंतीनं ऑनलाईन भरायची आणि फॉर्म पक्का करायचा. शेवटच्या दिवशी, पाच वाजायच्या आत. शेवटच्या दिवसापर्यंत ती मुद्दाम थांबली नव्हती हो — दाखल्यावरच्या नावातली चूक तहसीलमधून दुरुस्त होऊन आदल्या संध्याकाळीच हातात आली होती.

त्या दिवशी दुपारी भारताची मॅच होती.

एक वाजता देवाचा फोन आला. "अबे, पान उघडूनच नाही राहिलं. नुसती चक्री घुमून राहिली."

मी स्क्रीन उघडली. बघितल्याबरोबर कळलं. पिवळ्या वायरीची सगळी घरं मॅच बघत होती, मोठ्या टीव्हीवर, एकदम साफ चित्रात. त्यांचं पोट भरल्यावर काळ्या वायरीच्या घरांना काही उरतच नव्हतं. देवाच्या घरापुढं आठ. माउस त्या आठवर नेला. आठचा एक करायचा, खाली बटण दाबायचं. किती वेळ लागतो? तुम्ही हे वाक्य वाचलं त्याच्या निम्मा.

आणि मी थांबलो.

का थांबलो? कारण तेव्हा डोक्यात देवा होता. काळ्याच वायरीतून, मी घरी न जाता, नेट एकाएकी पळायला लागलं तर तो काय समजेल? वायरमन माणूस. वायरीत काही नाही, सगळं रमेशच्या बोटात आहे — हे त्याला तिथल्या तिथं कळलं असतं. मग पानठेला. मग गुरुजी. मग सरपंच. असं वाटलं मला. खरं तर देवा तेव्हा पोरीच्या फॉर्मच्या काळजीत होता, त्याला कुठली आली वायर? पण माझ्या मनात चोर होता.

मी म्हणालो, "साईट हँग हाय. सरकारी काम हाय बाबा, थांब जराशीक."

अडीच वाजता पुन्हा फोन. "तुमसरले घेऊन जाऊ का पोरीले? गाडीनं अर्धा तास लागते. तिथं सायबर कॅफेत भरते."

अडीच वाजले होते. तीनला पोचली असती. दोन तास हातात होते. त्यानं मला विचारलं, कारण त्याच्या मते नेटमधलं मला कळत होतं. आणि माझ्या डोक्यात पहिलं काय आलं असेल? की तुमसरला फॉर्म एका झटक्यात भरला जाईल, आणि साईट हँग नव्हती हे उघडं पडेल.

"कायले जातं?" मी म्हणालो. "तिथं का वेगळी साईट हाय? होऊन जाईन, घरीच थांबा."

हे मी म्हणालो. मी. शांत आवाजात, वर जरा रागावल्यासारखा. जणू त्याचं पेट्रोल वाचवत होतो. अजूनही तो आवाज कानात आला की मी चालता चालता उभा राहतो. हा माणूस कोण होता? देवाच्या लग्नात पंगतीला वाढणारा तोच? प्राचीला अंगणवाडीत सायकलवर सोडणारा तोच?

आणखी एक राहिलं. माझं दुकान देवाच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. दुकानातलं माझं स्वतःचं कनेक्शन एक नंबरचं. त्या दुपारी त्यावर काय चाललं होतं? मॅच. मी बघत होतो. "इकडे ये बेटा, इथून भर" — एवढं मी म्हणालो नाही. म्हणायचं सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं.

पावणेपाचला प्राचीनं स्वतः फोन केला. दम लागल्यासारखा आवाज. "काका, लॉगिन झालं, यादी येऊन राहिली... अर्धीच आली... काका, अजून थोडंसं..." मग तिनं फोन कानापासून बाजूला घेतला असावा, कारण नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. मी फोन कानाला लावून बसलो. माउसला हात लावला नाही.

पाच वाजले.

संध्याकाळी देवा दुकानावर आला. मला वाटलं, आता हा कॉलर धरणार. धरली असती तर बरं झालं असतं. त्यानं पाणी मागितलं, प्यायला आणि म्हणाला, "तू तं लय मेहनत केली गड्या. सरकारचीच साईट बसली, तू काय करशीन?" नंतर पानठेल्यावर कोणी माझ्या नेटला शिव्या घातल्या, तर त्यालाही देवाच दमात घ्यायला लागला — रमेश्याची चूक नाही, साईटच बसली होती. दहा लोकांसमोर.

खाजगी कॉलेज त्याला परवडणारं नव्हतं. प्राची तुमसरला बी.ए.ला गेली. पुढच्या वर्षी तिनं नर्सिंगची परीक्षा पुन्हा द्यावी म्हणून देवा मागं लागला, मीही बोललो — हो, मीही! — पण ती बसलीच नाही. का नाही म्हणते, ते कोणालाच सांगेना.

बी.ए. झाल्यावर देवानं विचारलं, तुझ्या दुकानात बसव तिला. मी लगेच हो म्हणालो. गावात माझं कौतुक झालं, दोस्ताच्या पोरीला हाताशी धरलं म्हणून. आता ती काउंटरला असते. तक्रारींचे फोन घेते, माणसांशी गोड बोलते, म्हाताऱ्यांना समजावून सांगते. चांगलीच नर्स झाली असती.

पिवळ्या वायरी अजून आहेत. त्या काढून टाकल्या असं लिहून तुमच्याकडून शाबासकी घेता आली असती, पण काढलेल्या नाहीत.

मागच्या आठवड्यात ती स्क्रीन शिकत होती. त्या रकान्यावर बोट ठेवून तिनं विचारलं, "हे एक अन् आठ काय हाय काका?"

मी म्हणालो, जुनं आहे, आता चालत नाही. इतक्या वर्षांनी, तितक्याच सहज. तिनं "बरं" म्हटलं आणि वहीत लिहून घेतलं. आणि मग मला कुठून दुर्बुद्धी सुचली माहीत नाही — की आतलं काही उसळून वर आलं — मी म्हणालो, "तुह्या फॉर्मच्या दिवशी साईटच बसली होती, बेटा."

तिनं वहीतून मान वर केली. हसली. मला धीर दिल्यासारखी हसली.

"नाही काका. साईट चालू होती. माह्या मैत्रिणीनं तुमसरले त्याच टायमाले भरला. बाबाले मी सांगतलं नाही, त्यायले वाईट वाटन म्हणून. माह्याच हातून काहीतरी चुकलं असन. मंग मीच ठरवलं, नर्स नाही व्हायचं. जिले फॉर्म भरता येत नाही, ते पेशंट काय सांभाळन?"

फोन वाजला. तिनं उचलला आणि नमस्कार म्हणून बोलायला लागली. तिच्या हातून काहीच चुकलं नव्हतं. मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो, तिचा फोन संपला, तिनं फोन खाली ठेवला, आणि मी विचारलं, कोणाची तक्रार होती?