समुद्राखाली दाबलेली करंगळी

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. खरं सांगायचं तर माणसांवरही बेताचाच आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची दलाली करतो. वरचा माल बघून लोक खूश होतात, मी पोत्याच्या तळाला हात घालतो. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, मी न पोळताच फुंकतो. त्यामुळे हे लिहिताना मला माझाच संशय येतोय...

आधी एक पद्धत सांगतो. आमच्याकडे पूर्वी रुमालाखाली हात धरून, बोटं दाबून भाव ठरायचा. बघणाऱ्याला पत्ता लागायचा नाही. त्यात माझ्या वडिलांची, आप्पांची, एक घरगुती खूण होती. माल बघताना त्यांनी रुमालाखाली माझी करंगळी दोनदा दाबली की सौदा सोडायचा. कारण विचारायचं नाही. ही खूण आम्हा दोघांतच होती. आप्पांना जाऊन आता तीन वर्षं झाली.

गेल्या एप्रिलात, द्राक्षं उतरल्यावर, मेव्हण्याबरोबर मालवणला स्कूबा डायव्हिंगला गेलो. विजय तासगावचा बागायतदार, माझ्या बायकोचा एकुलता एक भाऊ. त्याला दमा आहे. पहाटे निघून, गगनबावड्याचा घाट उतरून दहाच्या सुमारास जेटीवर पोचलो. तिथे फॉर्म होता, त्यात प्रश्न – दमा आहे का? दोघांचेही फॉर्म मीच भरत होतो.

"न्हाई लिवा की दाजी," विजय म्हणाला. "वरीस झालं, काय तरास न्हाई. एवढ्या लांब येऊन काठावर बसू व्हय?"

मी 'नाही' लिहिलं. त्याने सही केली.

बोटीत मात्र मी सिलिंडरचा काटा तपासला, नळीचा वास घेतला, ट्रेनरची उलटतपासणी केली. तो पोरगेला माणूस हसून म्हणाला, "काका, माका पण घराक जावचा आसा."

आधी मी उतरलो. विजयचा नंबर माझ्यानंतर. खाली खरंच छान होतं – पिवळे मासे अगदी नाकासमोरून जात होते. आणि कुणीतरी माझा उजवा हात धरला. करंगळी दाबली. थांबून पुन्हा एकदा दाबली.

ट्रेनर चेष्टा करतोय, असंच आधी वाटलं. वळून पाहिलं. त्याचा एक हात माझ्या सिलिंडरवर, दुसऱ्यात कॅमेरा. उजवीकडे नुसतं पाणी.

मी वर न्यायची खूण केली. वर आलो तर विजय मास्क चढवून, पाय पाण्यात सोडून तयार. मी बोटीत चढलो आणि त्याच्या तोंडावरचा मास्क ओढून काढला.

"आवं दाजी, तुमी भ्यालासा म्हणून मी बी भ्यायचं व्हय?"

"उतरायचं नाही म्हटलं ना. गप बस."

तो रुसून पाठ फिरवून बसला. परतताना, जेटी दिसायला लागली तेव्हा त्याला खोकल्याची उबळ आली आणि थांबेचना. श्वास लागला, ओठ निळे पडले. त्याचा पंप गाडीत होता. ट्रेनर माझ्याकडे बघत म्हणाला, "ह्येंका दमा आसा? फॉर्मात तर 'नाय' लिवलला आसा." बोट जेटीला लागताच मी उडी मारली. धावत जाऊन पंप आणला, मग दवाखाना, ऑक्सिजन... संध्याकाळपर्यंत तो सावरला. पाण्याखाली असता तर काय झालं असतं, हा विचार आजही सहन होत नाही.

ट्रेनरने खाली काढलेला व्हिडिओ मी कितीतरी वेळा पाहिलाय. फोटो स्टुडिओवाल्या मित्राकडून तपासूनही घेतला. काहीही फेरफार नाही. माझा उजवा हात मोकळा तरंगतोय आणि करंगळी आत दबतेय. दोनदा. मिरजेच्या एका डॉक्टरांनी, गार पाण्याने पेटका आला असेल, असं सांगितलं. असेलही.

बायको मात्र सगळ्यांना सांगत सुटली, की यांनी माझ्या भावाला वाचवलं. फॉर्मचं तिला माहीत नव्हतं. मी आणि विजय दोघंही गप्प. परवा पाहुण्यांसमोर तिने कौतुकाने माझा हात हातात घेतला, तेच सांगायला सुरुवात केली आणि माझी करंगळी दाबली गेली. दोनदा.

पाहुणे गेल्यावर मी तिला सगळं सांगितलं, माझ्या हाताने काय लिहिलं ते.

करंगळी तिने दाबली होती का, ते मी तिला विचारलेलं नाही. त्या खुणेचं कारण विचारायचं नसतं.