मी न दिलेला दुजोरा

विद्यापीठाच्या ग्रंथालयात माझ्या मैत्रिणीचा, वसुधाचा, नवा प्रबंध हाती आला. माणूस आधी आपलं नाव शोधतो, मीही शोधलं. पूर्वसंशोधनाच्या प्रकरणात ते सापडलं. आमच्या विभागप्रमुख सरांच्या मताला मी दुजोरा दिला आहे, असं तिथे एका ओळीत लिहिलं होतं.

दुजोरा! जात्यावरच्या ओव्यांबद्दल सरांनी त्यांच्या पुस्तकात मांडलेलं म्हणणं चुकीचं आहे, हे दाखवण्यातच माझी उमेदीची वर्षं गेली. माझ्या प्रबंधाचं प्रत्येक प्रकरण वसुधाने वाचलं होतं. "सोडू नकोस हं त्यांना," असंही तीच म्हणायची. पुढे तिला मार्गदर्शक म्हणून तेच सर मिळाले.

दोन पुस्तकांचं नातं असं तिसराच माणूस ठरवतो. लग्नात कुणी आपली भलत्याच घरातली म्हणून ओळख करून दिली, तर निदान "नाही हो" म्हणता येतं. पुस्तकाला तेवढंही जमत नाही.

संध्याकाळी तिचा फोन आला. "अगं, पाहिलंस का? तुझं नाव आवर्जून घातलंय मी."

"पाहिलं," मी म्हणाले.

आता पुढे येणारे सगळे अभ्यासक तिचा प्रबंध वाचून मला सरांच्या शेजारी बसवतील. माझा उघडायची कुणाला गरजच उरली नाही.