ती भाकर कुठं गेली?

बाईसाहेबांनी माझी भाकर दोन बोटांनी उचलली. मेलेला उंदीर उचलावा तशी. सगळ्या चर्चला दिसेल अशी वर धरली आणि विचारलं, "हे कोणी ठेवलं इथे?"

मी हात वर केला. नऊ वर्षांची होते. मुलांच्या रांगेत, पुढे सतरंजीवर बसले होते. शाळेत उत्तर येत असलं की करतात तसा ताठ हात केला. मला वाटलं, शाबासकी मिळणार.

चर्च हसलं. आधी पुढची बाकं हसली, मग मागची. मागच्यांना काही दिसलं नव्हतं, पण पुढचे हसतायत म्हणजे आपणही हसायला पाहिजे. पाळक रुमाल तोंडाला लावून हसले. प्रभूच्या मेजावर पांढरं कापड होतं, चकचकीत ट्रे होता, ट्रेमध्ये कडा कापलेल्या ब्रेडचे चौकोनी तुकडे होते. आणि त्याच्या शेजारी ते फडकं, आईच्या जुन्या लुगड्याचं. त्यात बांधून आणलेली ज्वारीची भाकर आता बाईसाहेबांच्या दोन बोटांत.

घोटाळा एका शब्दाचा होता. आमच्या शास्त्रात, म्हणजे मराठी बायबलात, भाकर असाच शब्द आहे. प्रभूने भाकर घेतली, मोडली, शिष्यांना दिली. ब्रेड नाही, पाव नाही. भाकर. आष्टीला आमच्या वस्तीत चर्च नव्हतं. लिंबाखाली प्रार्थना व्हायची. पाळक वर्षातून एकदोनदा यायचे, डोक्यावर हात ठेवून जायचे. त्या भाकरीच्या आठवणीत मंडळीला तुकडा देतात ते प्रभुभोजन आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. वडील वारले आणि आईला जालन्याच्या या चर्चमध्ये झाडलोटीचं काम मिळालं, मागे राहायला पत्र्याची खोली मिळाली. आम्हाला येऊन तीन आठवडे झाले होते. संडे स्कूलच्या सरांनी सांगितलं, "पुढच्या रविवारी प्रभूची भाकर आहे, सगळ्यांनी तयारीने या." तयारी म्हणजे पापांची कबुली. मी घरी जाऊन सांगितलं, भाकर घेऊन बोलावलंय.

आमच्यात साक्ष म्हणून एक प्रकार असतो. मंडळीपुढे उभं राहून सांगायचं, आधी मी कशी होते, मग प्रभूने काय केलं, आता मी कशी आहे. दुःख सांगायला परवानगी आहे, पण ते संपलेलं पाहिजे. चालू दुःखाची साक्ष कोणी घेत नाही.

मोठी झाल्यावर ही भाकरीची गोष्ट मी साक्ष म्हणून सांगायला लागले. ती गाजली. अंबड, परतूर, बदनापूर, कुठे सभा असली की निरोप यायचा, सिस्टरला पाठवा, ती भाकरीवाली. सिस्टर म्हणजे मी. सरकारी उपकेंद्रात नर्स आहे. मी हात वर केल्याची नक्कल करून दाखवायची. लोक पोट धरून हसायचे. शेवटी म्हणायची, "बाईसाहेबांनी त्या दिवशी मला शिकवलं, प्रभूला आपली भाकर नको, आपलं हृदय पाहिजे." बाईसाहेब पहिल्या बाकावर बसून मान हलवायच्या.

त्या असं काही म्हणाल्याच नव्हत्या. ते वाक्य माझं. मी ते त्यांना बहाल केलं होतं.

बाईसाहेबांचे सासरे मिशनच्या शाळेत हेडमास्तर होते. गोऱ्या लोकांबरोबर टेबलावर जेवलेलं घर. बंगला, पियानो, पोरं इंग्रजी शाळेत. यजमान चर्चच्या कमिटीत, आता मुलगा कमिटीचा सचिव. त्यांची मूळ जात कोणी विचारत नसे. आमची कोणी विसरत नसे. बोलताना मात्र सगळे एकच म्हणायचे, ख्रिस्तात जात नाही.

आई यंदाच्या उन्हाळ्यात गेली. हौसाबाई तिचं नाव. चर्चमध्ये हे नाव कितीजणांना माहीत असेल, सांगता येत नाही.

ती गेल्यावर माझ्या खोलीवर बुधवारी बायका जमायला लागल्या. जुन्या जालन्यात धान्याच्या होलसेल दुकानांची गल्ली आहे, तिथे वरच्या मजल्यावर मी भाड्याने एकटी राहते, मुलगी शिकायला होस्टेलवर असते. उपकेंद्र वडीगोद्रीच्या पुढे. ड्यूटी करून एसटीने येईपर्यंत पाच वाजतात. मग पाच-सहा जणी यायच्या, दोन गाणी, प्रार्थना, चहा. मला धीर द्यायला यायच्या असं म्हणायच्या. खरं तर घरातून सुटायला यायच्या, आणि त्यात काही वाईट नाही.

त्यातली सुवार्ता बावीस वर्षांची, बी.एड. करते. एका बुधवारी म्हणाली, "आज गाणे नको. मला गाणे म्हणू म्हणू कंटाळा आलाय. एक वर्षापासून मी डोळे मिटून नुसती बसून राह्यली. प्रार्थना होतच न्हाई."

"असं बोलू न्हाई गं," कोणीतरी म्हणालं.

"मंग कुठं बोलू?"

मग एकीने सांगितलं, तिचा नवरा चर्चमध्ये खंजिरी वाजवतो आणि घरी तिला. दुसरी म्हणाली, लेकरू गेलं तेव्हा पाळक म्हणाले तुझा विश्वास कमी पडला, तेव्हापासून तिला पाळकाचं तोंड बघवत नाही. चहा गार झाला. इतकी खरी प्रार्थना मी चर्चमध्ये कधी ऐकली नव्हती. आणि मी काय केलं? घाबरले. म्हटलं, वातावरण जड झालं. एकजण म्हणाली, "सिस्टर, तुमची भाकरीची साक्ष सांगा, जरा हसू." मला सुटल्यासारखं झालं. सांगितली. नक्कल केली. हसल्या सगळ्या.

सुवार्ता हसली नाही. म्हणाली, "मावशी, मंग ती भाकर कुठं गेली?"

इतकी वर्षं, इतक्या सभा. हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. आणि मग जे कधीच सांगितलं नव्हतं ते बाहेर आलं. थांबवता आलं नाही.

ती भाकर मी आणली नव्हती. आईने केली होती. पहाटे अंघोळ करून, डोक्यावर पदर घेऊन. मी म्हटलं होतं, कालची आहे की टोपल्यात. ती म्हणाली, "देवाच्या घरी शिळी न्यावं न्हाई. शाळूची करते. पांढरीशिप्पट." एक करपली, ती बाजूला ठेवली. दुसरी फुगली. माझ्या आईला मी इतकं आनंदात परत कधी पाहिलं नाही. मेजावर भाकर ठेवलीसुद्धा तिनेच, मेज पुसून झाल्यावर. मला म्हणाली, "कुनी इचारलं तर सांग, आमच्या घरची हाय."

चर्च हसत होतं तेव्हा आई दारात उभी होती. बाईसाहेबांनी तिला पुढे बोलावलं. "तू केलीस?"

"न्हाई बाईसाहेब. पोरगी हाय, लहान हाय. उचलून आणली आसंल घरातून."

मी तिच्याकडे बघत राहिले. ती माझ्याकडे बघेना.

बाईसाहेब म्हणाल्या, "सकाळी संडास धुतलेस ना याच हातांनी? आपण सगळे एक आहोत, पण स्वच्छता म्हणून काही असतं."

आईने हात जोडले. आणि हसली. सगळ्यांबरोबर हसली.

उपासना संपल्यावर ती भाकर मागच्या कचऱ्याच्या टोपलीत सापडली, सुकलेल्या फुलांवर. आईने काढली, झटकली, उभ्यानेच खाल्ली. कोरडी. मला घे म्हटलं नाही. शेवटचा तुकडा गिळला आणि खराटा उचलला.

त्यानंतर तिने प्रभुभोजन घेतलं नाही. एकदाही नाही. मरेपर्यंत. महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजनाचा, आला की ती बाहेर पायऱ्यांवर बसायची. मी एकदा विचारलं, आत का येत नाहीस? म्हणाली, "चपला कोन राखंल?" मी ते खरं मानून घेतलं, कारण ते सोयीचं होतं. आत मी ब्रेडचा तुकडा जिभेवर ठेवत होते आणि बाहेर माझी आई त्यांच्या चपला राखत होती. आणि त्याच चर्चमध्ये उभी राहून मी तिला गोष्टीतून काढून टाकलं होतं. तिने भीतीने एकदा नाकारलं, मी टाळ्यांसाठी शंभरदा.

सुवार्ता रडत होती. मी रडले नाही, मला स्वतःचा संताप येत होता. एवढंच कळत होतं, की त्या रविवारी खरं प्रभुभोजन चर्चच्या मागे कचऱ्याजवळ झालं, आणि ते एकट्या बाईचं झालं. देव तिथे होता का? माहीत नाही. असलाच तर तिथे होता. आत तर नव्हताच.

आईच्या स्मरणसभेचा रविवार ठरला. पाळक म्हणाले, "सिस्टर, ती भाकरीची साक्ष सांगा. लोकांना आवडते, आईलाही आवडायची." आईने ती कधी ऐकली नव्हती. मी सांगायला उठले की ती उठून बाहेर जायची. मी म्हटलं, सांगते.

माझ्या मनात एकच होतं. आईबद्दल त्या चर्चमध्ये एकदा तरी खरं बोललं जावं. एकदा. मला माफी नको होती, रडारड नको होती.

मी उभी राहिले. हात वर केल्याची नक्कल केली नाही. सगळं सांगितलं, बाईसाहेबांच्या तोंडचं वाक्य जसंच्या तसं, संडाससकट. लोक आधी सवयीने हसले. मग हसू आखडलं.

बाईसाहेब समोरच होत्या, व्हीलचेअरवर. नव्वदीच्या आहेत, ऐकू कमी येतं. मुलाच्या हाताला हात लावून त्यांनी मोठ्याने विचारलं, "काय म्हणते ती?"

सचिवसाहेब त्यांच्या कानाशी वाकले. "काही नाही मम्मी. तुमचे आभार मानतेय."

बाईसाहेबांनी मान हलवली. माझ्याकडे बघून आशीर्वादासारखा हात वर केला.

मला तिथेच खाली बसावंसं वाटलं. इतक्या वर्षांनी तोंड उघडलं, आणि ज्यांच्यासाठी उघडलं त्यांच्यापर्यंत ते पोचलंच नाही. पाळकांनी माईक घेतला, म्हणाले, "भगिनी दुःखात आहे, आपण तिच्यासाठी प्रार्थना करू." सगळ्यांनी डोळे मिटले. डोळे मिटणं त्यांना बरं पडलं.

बाहेर सचिवसाहेबांनी मला बाजूला घेतलं. आवाज अगदी मऊ. "सिस्टर, तुमची नोकरी कोणत्या सर्टिफिकेटवर आहे, ते कमिटीला माहीत आहे. तुमचा बाप्तिस्मा आमच्या रजिस्टरमध्ये आहे. जरा विचार करून बोलत जा."

हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर माझी ही साक्षही अर्धीच. मांग ख्रिस्ती झाला की सरकारदरबारी मांग राहत नाही. सवलत जाते. वस्तीतले लोक त्याला मांगच म्हणतात, चर्चमध्ये त्याची भाकर टोपलीत जाते, पण कागद म्हणतो तू आता मांग नाहीस. म्हणून आमच्यातले बरेच जण कागदावर हिंदू मांग आणि रविवारी ख्रिस्ती. मीसुद्धा. नर्सिंगचं ॲडमिशन त्याच कागदावर, नोकरी त्याच कागदावर. सगळ्यांना माहीत असतं. कोणी बोलत नाही. ख्रिस्तात जात नाही म्हणणाऱ्यांच्या कपाटात आमची जात कुलपात ठेवलेली असते, लागेल तेव्हा काढायला.

त्यानंतर बुधवारी फक्त सुवार्ता आली. मग तीही येईना. तिच्या वडिलांना कोणीतरी फोन केला होता. पाळक रस्त्यात दिसले तर मोबाईल बघायला लागतात. चर्चमध्ये माझ्या बाकावर माझ्या शेजारी कोणी बसत नाही. आईबद्दल खरं बोलले, आणि काही बदललं नाही. बदलेल असं मला वाटतही नाही.

तरी मी चर्च सोडणार नाही. ते त्यांना हवं आहे. दुसरं चर्च धरा म्हणून दोघांनी सुचवलंसुद्धा. माझ्या आईने ज्या फरशा पुसल्या त्या मी का सोडू? माझा विश्वास आता लहान झालाय, पण तो माझा आहे. बाईसाहेबांच्या तोंडातून उसना घेतलेला नाही.

येत्या रविवारी पाळक विचारतील, कोणाला साक्ष द्यायची आहे का. मी उठणार आहे. सचिवसाहेबांनी कपाट उघडायच्या आधी मीच सगळ्यांपुढे सांगणार, मी मांगाची आहे, कागदावर हिंदू आहे, आणि मी ख्रिस्ताची आहे, आणि हे तिन्ही मला कोणी लपवायला लावलं तेही सांगणार. माईक दिला नाही तर मोठ्याने सांगणार. नोकरी जाऊ शकते. जाऊ दे म्हणायची माझी ऐपत नाही, मुलीचं शिक्षण अजून चालू आहे, घरात कमावणारी मी एकटी. तरी मी उठणार आहे.