इट्टो सुईणीचं झाकणाचं मडकं

आमच्या तिझगीन गावात सगळे इट्टो सुईणीला वचकून असतात, कारण तिनं प्रत्येकाला उघडं पाहिलंय. पन्नास वर्षं ॲटलास डोंगराच्या या चढावरची पोरं तिच्याच हातात पडली, माझीही तिन्ही. गावचा मुकादम चारचौघांत आवाज चढवायला लागला की ती म्हणायची, "पायाळू आलास तेव्हा एवढा आवाज नव्हता तुझा."

तीच इट्टो गेल्या वसंतात म्हणाली, "तुदाचं दुसरं बाळंतपण खालच्या दवाखान्यात." तुदा तिची नात. पहिल्या वेळी पोरीचं रक्त थांबेना. इट्टोनं पोट दाबलं, काढे पाजले आणि शेवटी नुसते हात पसरून बसली. पोरगी वाचली ती नशिबानं, आणि नशिबावर इट्टोचा आता भरवसा उरला नव्हता.

बायका हादरल्या. त्या दवाखान्यात बाळामागून पडणारी वार मागच्या भिंतीशी उघड्या डब्यात टाकतात आणि कुत्री ती ओढून नेतात, हे गावभर ठाऊक होतं. आमच्यात वार अक्रोडाच्या मुळाशी पुरतात. कुत्र्यानं खाल्ली तर त्या बाईची कूस मिटली, असं समजतात.

हे सी द्रिसला कोण सांगणार? आरोग्यखात्याचा हा साहेब अधूनमधून भोंगा घेऊन यायचा. "तुम्ही अडाणी आहात, गाडीला भिता, नवऱ्याला भिता, म्हणून दवाखान्यात येत नाही," असं ओरडायचा. मग आमचं लोणी बोटानं चाटायचा आणि तीच बोटं झग्याला पुसायचा.

दिवस भरले तशी इट्टो तुदाला बाजाराच्या ट्रकमधून खाली घेऊन गेली. सोबत झाकणाचं एक मडकं. तुदाला खाटेवर निजवून ती संडास शोधायला निघाली, आणि दारातूनच नाक दाबून मागं फिरली. भिंतीमागं तो डबा होता. रक्ताचा कापूस, चिंध्या, माशा. बाजूला एक पिवळी कुत्री जिभल्या चाटत बसलेली, तोंड लाल. जन्मभर रक्तात हात घातलेल्या त्या बाईला उभ्या उभ्या ओकारी आली.

खिडकीतून तुदानंही ते पाहिलं. ती खाटेवरून उतरली.

"आजी, घरी चल. मेले तर मेले, पण माझं काही या कुत्रीच्या तोंडी जायला नको."

"मला तर इथं थुंकायचीही किळस येते," इट्टो म्हणाली. "माझ्या शेळ्या इथं बांधल्या तर दूध आटेल त्यांचं. पण मागच्या खेपेला माझ्याकडं होतं काय? दोन हात. त्यांनी रक्त थांबलं का? निज."

"आणि ती कुत्री?"

"तुझी वार माझ्या मडक्यात."

"लल्ला इट्टो, तसा नियम नाही," तिथली नईमा नर्स आदराचं 'लल्ला' लावून म्हणाली.

"कुत्रीचा आहे का नियम?"

नईमा खाटेवरची चादर नीट करत म्हणाली, "डब्याला झाकण मागून दोन वर्षं झाली मला."

दुपारी मुलगी झाली, वार इट्टोच्या मडक्यात गेली. आणि मग पुन्हा तेच, रक्त. नईमानं तुदाच्या मांडीत सुई टोचली आणि पोट दाबत, चोळत राहिली. इट्टो तिची एकेक हालचाल बघत होती. रक्त थांबलं.

तुदानं पाणी मागितलं, तेव्हा कुठं इट्टो उठली. बाजूच्या खोलीत सी द्रिस चहा घेत बसला होता. तिनं मडकं त्याच्या पेल्याशेजारी ठेवलं आणि झाकण काढलं.

"हे काय, लल्ला?"

"आमचा अडाणीपणा. याच्यापायी बायका येत नाहीत. नीट बघा, तुमची कुत्री रोज बघते."

साहेबाचा चहा झग्यावर सांडला. आठवड्यात डब्याच्या जागी झाकणाचा खोल खड्डा झाला. हल्ली तो भोंग्यावरून सांगतो की वार मडक्यातून घरी न्यायची कल्पना खात्याची. अशा वेळी मला थुंकायला जागा पुरत नाही.

तुदाची वार अक्रोडाखाली गेली. पोटुशी बायका इट्टोला विचारायला आल्या, "आता तिथं स्वच्छ आहे का गं?"

"कसलं स्वच्छ. संडास तसाच आहे. ओकारी येईल. ओका, तोंड धुवा आणि खाटेवर निजा."

मग धुऊन पालथं घातलेलं मडकं तिनं उचललं आणि जिचे दिवस भरत आले होते तिच्यापुढं सरकवलं.

"आणि जाताना खराटा ने."